२२ ऑक्टोबर २००४ : अणूइतका पातळ कार्बन

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाचे आंद्रे गाइम, कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध या दिवशी ‘सायन्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. पेन्सिलीच्या शिशात असते ते ग्रॅफाइट चिकटपट्टीने पुन्हा पुन्हा सोलत त्यांनी थेट एका अणूच्या जाडीचा पापुद्रा सुटा केला होता. हेच ग्राफीन. इतका पातळ थर स्वतंत्रपणे टिकणारच नाही, असे तोवर अनेक शास्त्रज्ञ मानत.

खरे कसब सोलण्यापेक्षा तो शोधून काढण्यात होते. ऑक्साइडचा ३०० नॅनोमीटर जाडीचा थर असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर हे पापुद्रे ठेवले, की प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे रंगात किंचित फरक पडतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ते ओळखता येतात. ही युक्ती त्या संशोधनाचा प्राणच म्हणावी लागेल. चकतीला विद्युतदाब देऊन थरातील वाहक विद्युतभार ऋण किंवा धन असे हवे तसे बदलता येतात, हेही याच निबंधाने दाखवले.

ग्राफीन प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषते, हे २००८ मध्ये मोजले गेले. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना मिळाले.