वजन उचलण्यासाठी सकाळ चांगली की संध्याकाळ?

सकाळी सहा वाजता जड वाटणारे वजन संध्याकाळी सहा वाजता तुलनेने सहज उचलले जाते, असा अनुभव जिममध्ये जाणाऱ्या अनेकांना येतो. हा केवळ मनाचा खेळ नाही. स्नायूंची ताकद दिवसभर सारखी राहत नाही. बहुतेक निरोगी माणसांमध्ये ती पहाटे आणि सकाळी कमी असते, पुढे वाढत जाते आणि साधारण दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत सर्वाधिक असते. प्रयोगांमध्ये हा फरक काही टक्क्यांपासून सुमारे २० टक्क्यांपर्यंत आढळला आहे. व्यक्ती, स्नायू आणि व्यायामाचा प्रकार यांनुसार तो बदलतो.

ताकद का बदलते?

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो शरीराचे मुख्य जैविक घड्याळ म्हणून काम करतो आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडानुसार आपली वेळ जुळवून घेतो. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते, याच्या शोधासाठी २०१७ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंच्या पेशींनाही स्वतःचे घड्याळ असते.

या घड्याळानुसार शरीराचे अंतर्गत तापमान बदलते. ते पहाटे सर्वात कमी आणि दुपार सरताना किंवा संध्याकाळी सर्वाधिक असते. दोन्हींमधील फरक साधारण ०.५ ते १ अंश सेल्सिअस एवढाच असतो. तरीही उबदार स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावतात, मज्जातंतूंमधून संदेश लवकर जातात आणि सांध्यांची ताठरता कमी होते.

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी जास्त असते, म्हणून व्यायाम सकाळीच करावा, असा सल्ला ऐकायला मिळतो. पण ताकद त्या वेळी सर्वाधिक नसते. त्यामुळे केवळ या पातळीवरून व्यायामाची वेळ ठरवता येत नाही.

खेळाडूंमध्ये काय दिसते?

२००४ ते २०१६ या काळातील चार ऑलिंपिकमधील जलतरणाच्या वेळा संशोधकांनी तपासल्या. जलतरणपटू संध्याकाळी पाचच्या सुमारास सर्वात वेगवान होते. सकाळच्या तुलनेत फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता, पण अनेक अंतिम शर्यतींत सुवर्ण आणि रौप्य पदकांमधील अंतर त्याहूनही कमी होते. जलतरण म्हणजे वजन उचलणे नव्हे, पण स्पर्धेत वेळेला किती महत्त्व असते हे यातून दिसते.

सवयीचा परिणाम

रोज सकाळी व्यायाम करणाऱ्यांमध्ये काही आठवड्यांनी सकाळ आणि संध्याकाळच्या ताकदीतील फरक कमी होतो. शरीर ठरलेल्या वेळेची सवय लावून घेते. काही महिने चाललेल्या प्रयोगांची एकत्रित तुलना केली असता, सकाळच्या आणि संध्याकाळच्या गटांची ताकद जवळपास सारखीच वाढलेली दिसते. म्हणजे एखाद्या दिवशी किती वजन उचलता येईल यावर वेळेचा परिणाम होतो, पण वर्षभरात होणारी प्रगती मुख्यतः सातत्यावर अवलंबून असते.

सकाळी व्यायाम करताना

• वॉर्म-अपला जास्त वेळ द्यावा. आधी चालणे, सायकल किंवा दोरीच्या उड्या, मग हलक्या वजनाचे दोन-तीन सेट आणि त्यानंतरच जड वजन घ्यावे.

• उठल्याबरोबर डेडलिफ्टसारखे वाकण्याचे जड व्यायाम टाळावेत. झोपेत मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी उंचीही एक ते दोन सेंटिमीटर जास्त भरते, आणि वाकताना या चकत्यांवर अधिक ताण येतो. उठल्यानंतर तासभर तरी जाऊ द्यावा.

• कॅफिनचा उपयोग होऊ शकतो. एका प्रयोगात शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावर सकाळची कामगिरी दुपारच्या जवळ पोहोचली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण १८० मिलिग्रॅम होते. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

संध्याकाळी व्यायाम करताना

संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडतेच असे नाही. मात्र झोपण्याआधीच्या तासाभरात जोरदार व्यायाम केल्यास झोप लागायला उशीर होऊ शकतो. दिवसभराच्या कामानंतर येणारा थकवा आणि ऐनवेळी निघणारी कामे ही मोठी अडचण असते. मग व्यायामच चुकतो.

वेळ कशी निवडावी?

स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनी शेवटचे काही आठवडे स्पर्धेच्याच वेळी सराव करणे फायद्याचे ठरते. इतरांनी आठवड्यातून तीन-चार वेळा हमखास पाळता येईल अशी वेळ निवडावी. रात्री उशिरा झोपणाऱ्याने पहाटेच्या जिमसाठी दोन तासांची झोप गमावली, तर फायद्याऐवजी नुकसानच होते, कारण कमी झोपेने ताकद आणि स्नायूंची भरपाई दोन्ही घटतात.

व्यायामाच्या वहीत वजनाबरोबर वेळही लिहावी. नेहमी संध्याकाळी जाणाऱ्याला एखाद्या सकाळी पाच किलो कमी उचलता आले, तर त्याचा अर्थ ताकद गेली असा होत नाही. सकाळच्या आकड्याची तुलना सकाळच्याच आकड्याशी करावी. कालचा आकडा गाठायचाच म्हणून थंड शरीराने जड वजन घेतल्यास दुखापतीचा धोका वाढतो.