यंत्राचा लगाम

घोड्यास लगाम हवा, हें कोणीहि सांगेल. पण तो एकदम खेंचला तर घोडा बिथरतो, हें अनुभवीच जाणतो. यंत्रांच्या इतिहासांतहि हेंच घडलें. यंत्रास आज्ञा कोणती द्यावी, हें मनुष्य लवकर शिकला. ती किती वेगानें अमलांत यावी, हें शिकण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

सन १७८८ मध्यें जेम्स वॉट यानें आपल्या वाफेच्या एंजिनास फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. एंजिनाचा वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकत व त्यांस जोडलेली दांडी वाफेची झडप मिटूं लागे. वेग मंदावला कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. ही युक्ति पवनचक्क्यांत आधींच ठाऊक होती. वॉटनें ती एंजिनाच्या सेवेस लाविली.

परंतु पुढें एक विलक्षण दोष दिसून आला. नियामक फार तत्पर केला तर कित्येकदां यंत्र अधिकच चंचल होई. वेग चढे, उतरे, पुन्हा चढे. सन १८४० मध्यें ग्रीनिच वेधशाळेच्या जॉर्ज एअरीनें दुर्बीण फिरविणाऱ्या यंत्राच्या अशाच चंचलतेचें गणित मांडलें. सन १८६८ मध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेलनें दाखविलें कीं, यंत्रास बसलेला धक्का शमेल कीं वाढतच जाईल, हें समीकरणांवरून आधींच सांगतां येतें.

घाईचा दुसरा परिणाम पाण्यानें शिकविला. सन १८९७-९८ मध्यें निकोलाय झुकोव्स्की यानें मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग केले. लोखंडी नळांतून सेकंदास १ मीटर वेगानें जाणारें पाणी एकाएकीं अडविलें, तर सुमारें १०० मीटर उंच जलस्तंभाइतका जादा दाब उत्पन्न होतो व नळ फुटूं शकतो. दाबाची लाट नळाच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो, त्याहून पुष्कळ सावकाश झडप मिटली, तर तो धोका टळतो.

सन १९२२ मध्यें निकोलस मिनोर्स्कीनें जहाजाच्या सुकाणूचा विचार करतांना तीन प्रश्न एकत्र आणले: आतांची चूक किती, साचलेली चूक किती, आणि ती कोणत्या वेगानें बदलत आहे?

पुढें कारखान्यांतील आज्ञा हवेच्या दाबानें जाऊं लागल्या, दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड. नंतर विजेच्या प्रवाहानें, ४ ते २० मिलिअँपिअर. आरंभ शून्यापासून नाहीं, कारण तार तुटून प्रवाह शून्य झाला तर तें तत्काळ कळावें. आजचा संगणकी नियंत्रक ४ वरून २० वर क्षणार्धांत उडी घेऊं शकतो. म्हणून त्यास मर्यादा घालतात. सेकंदास अर्ध्या मिलिअँपिअरची मर्यादा ठेविली, तर तीच मजल ३२ सेकंदांत पुरी होते व झडप सावकाश हलते.

मात्र ही मंदगति सर्वत्र हितकर नव्हे. बाष्पकाचा दाब मर्यादेबाहेर जात असतां सुरक्षेची झडप तत्काळच उघडली पाहिजे. कोठें धीर धरावा व कोठें धरूं नये, हें ठरविण्याची जबाबदारी अद्यापि मनुष्याकडेच आहे.