जामिनावर सुटलेल्यावर पोलिसांची नजर : कायदा काय, मर्यादा काय?

घरफोडी, वाहनचोरी, सोनसाखळी चोरी अशा गुन्ह्यांत वारंवार नाव आलं की तो माणूस पोलिसांच्या भाषेत 'सराईत' होतो. तो जामिनावर सुटला की पोलीस नजर ठेवणारच. ज्याचं घर फुटलंय, त्यालाही तेच हवं असतं. पण घरच्यांना मात्र कुठली गोष्ट कोर्टाची आणि कुठली पोलिसांची, हे कळत नाही. म्हणून आम्ही इथे ती माहिती एकत्र देत आहोत.

कोर्टाच्या अटी : जामिनाच्या अटी कोर्ट ठरवतं. तसाच गुन्हा पुन्हा करायचा नाही, साक्षीदाराला धमकवायचं नाही, या मूळ अटी. ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरीची अटही असू शकते. अट मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो. कारण नसताना कोर्टाची तारीख चुकवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

चॅप्टर केस : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२९, म्हणजे जुनं कलम ११०. यात कार्यकारी दंडाधिकारी सराईत आरोपीकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतात, जास्तीत जास्त ३ वर्षांचं. ही शिक्षा नव्हे. आधी लेखी कारण द्यावं लागतं, चौकशी होते, वकील देता येतो.

तडीपारी : महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ खाली जास्तीत जास्त २ वर्षं हद्दीबाहेर पाठवता येतं. हा अपवादात्मक उपाय आहे, जपून वापरा, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

पोलिसांच्या मर्यादा : रात्री घरी येऊन तपासण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच खरकसिंग खटल्यात रद्द केला. जुलै २०२४ मध्ये याच कोर्टाने म्हटलं, की आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी मोबाइल लोकेशनची अट जामिनात घालता येत नाही. त्याआधी मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात कोर्टाने सांगितलं, की हिस्ट्रीशीट हे पोलिसांचं अंतर्गत कागदपत्र आहे. ते चव्हाट्यावर आणायचं नाही, आणि पुराव्याशिवाय त्यात घरातल्या लहान मुलांची नावं घालायची नाहीत.

घरच्यांनी काय करावं? जामीन आदेशाची प्रत घरात ठेवा, अटी वकिलाकडून मराठीत समजून घ्या. प्रत्येक हजेरीची तारीख-वेळ वहीत लिहा. हद्दीबाहेर काम मिळालं तर तोंडी 'जा' वर विसंबू नका, कोर्टाची लेखी परवानगी घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या नंबरवर फोन करा.

पोराला लपवून ठेवण्याने काहीच साधत नाही. त्याची हजेरी चुकू दिली नाही, तारखेला सोबत गेलात आणि त्याला कामाला लावलंत, तर जामीन टिकतो आणि त्याला सुधारायला वेळ मिळतो.