हनी बी नेटवर्क

शेतकरी, पशुपालक, कारागीर, विणकर अशा तळागाळातील माणसांनी स्वतःच्या बुद्धीने काढलेल्या युक्त्या, यंत्रे, वाण आणि उपचार नोंदवून ते त्यांच्या नावानिशी लोकांपुढे ठेवणारी भारतातील स्वयंसेवी चळवळ. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील (आयआयएम) प्राध्यापक अनिल कुमार गुप्ता यांनी सहकाऱ्यांसह १९८८-८९च्या सुमारास ती सुरू केली. व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापकाने आपले संशोधन वर्गाबाहेर, थेट गावच्या पारापर्यंत नेल्याचे हे भारतातील ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : गुप्ता १९८१ मध्ये आयआयएममध्ये रुजू झाले. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी बांगलादेशातील कृषी संशोधकांबरोबर काम केले. तेथील शेतकऱ्यांच्या ज्ञानावर त्यांनी लिहिलेले शोधनिबंध इंग्रजीत होते. लौकिक आणि मोबदला लेखकाच्या पदरी पडला. ज्यांच्याकडून माहिती मिळाली, त्यांना ते निबंध वाचताही येण्यासारखे नव्हते. ही टोचणी गुप्तांनी पुढे अनेक जाहीर व्याख्यानांतून मोकळेपणी सांगितली आहे. मधमाशी फुलाला इजा न करता मकरंद घेते आणि जाता जाता एका फुलाचे पराग दुसऱ्यापर्यंत पोहोचवते. संशोधकानेही तसेच वागावे, या विचारातून चळवळीचे नाव ठरले.

तत्त्वे : ज्याचे ज्ञान, त्याचे नाव आणि गाव नोंदीत असलेच पाहिजे, हा पहिला दंडक. मिळालेली माहिती त्याच्या संमतीशिवाय छापायची नाही, हा दुसरा. जे छापले ते स्थानिक भाषेत परत न्यायचे, म्हणजे एका गावची युक्ती दुसऱ्या गावाच्या कामी येते, हा तिसरा. आणि त्या ज्ञानातून पैसा उभा राहिला, तर मूळ माणसाला त्यात वाटा, हा चौथा. विद्यापीठीय लेखनात ग्रंथकाराचा उल्लेख टाळणे हा अपराध मानतात. तोच न्याय निरक्षर शेतकऱ्यालाही लागू करणे, हे या चळवळीचे मोठे नैतिक योगदान आहे.

नियतकालिक व शोधयात्रा : ‘हनी बी’ हे इंग्रजी वार्तापत्र चळवळीचे मुखपत्र. त्याच्या जोडीने गुजरातीत ‘लोकसरवाणी’, हिंदीत ‘सूझ-बूझ आसपास की’ आणि तमिळसह इतर काही भारतीय भाषांतही अंक निघत आले. १९९८ पासून शोधयात्रा सुरू झाल्या. प्राध्यापक, विद्यार्थी, शेतकरी आणि कारागीर उन्हाळ्यात व हिवाळ्यात काही दिवस गावोगाव पायी हिंडतात. मुक्कामाच्या गावी सभा भरते. इतर ठिकाणच्या कल्पक लोकांची यंत्रे चित्रांतून दाखवली जातात. मुलांमध्ये वनस्पती ओळखण्याच्या, तर बायकांमध्ये रानभाज्या व विस्मरणात गेलेल्या धान्यांच्या पाककृतींच्या स्पर्धा होतात. कल्पक माणसाचा सत्कार त्याच्या दारात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर होतो. ज्याला गाव आजवर विक्षिप्त म्हणत आले, त्याच्याकडे गाव त्या दिवशी वेगळ्या नजरेने पाहते. आयआयएमच्या विद्यार्थ्यांसाठी शोधयात्रा हा ऐच्छिक अभ्यासक्रमही झाला.

संस्थात्मक विस्तार : चळवळीला आधार म्हणून १९९३ मध्ये ‘सृष्टी’ ही संस्था आणि १९९७ मध्ये गुजरातेत कल्पनांना बाजारपेठेपर्यंत नेणारी ‘ग्यान’ ही संस्था स्थापन झाली. २००० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभे राहिले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्याचे अध्यक्षपद सांभाळले. प्रतिष्ठानाच्या नोंदवहीत तीन लाखांहून अधिक कल्पना व पारंपरिक प्रथा जमा झाल्या आहेत. लहान उद्योजकांना तारण न घेता भांडवल देणारा निधीही प्रतिष्ठानाने चालवला. वांकानेरचे कुंभार मनसुखभाई प्रजापती यांचा ‘मिट्टीकूल’ हा मातीचा फ्रिज या चळवळीतून देशभर माहीत झाला. वरच्या कप्प्यातील पाणी मातीतून झिरपते, त्याचे बाष्प होताना आतली उष्णता निघून जाते आणि भाजी-दूध विजेविना टिकते. तेलंगणातील चिंतकिंदी मल्लेशम यांच्या ‘लक्ष्मी आसू’ यंत्राने पोचमपल्ली साडीचे सूत हाताने हजारो वेळा खुंट्यांवर फिरवण्याचे स्त्रियांचे कष्ट वाचवले. मल्लेशम यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. गुप्तांना ती २००४ मध्ये मिळाली होती.

महाराष्ट्रातील उदाहरण : चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड या गावी राहणारे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण जेमतेम प्राथमिक, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या भाताच्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी निराळे राखले, पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध लावले आणि रानडुकरांपासून वाचवण्यासाठी भोवती काटेरी झुडपे घातली. वर्षामागून वर्षे निवड करत त्यांनी बारीक दाण्याचा, चवदार वाण सिद्ध केला. व्यापाऱ्यांनी त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ म्हटले. तांदूळ अनेक राज्यांत पसरला, पण तो काढणारा माणूस अज्ञातच राहिला. प्रतिष्ठानाने त्यांची नोंद घेतली आणि २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने गुप्तांच्या निवडीवरून प्रसिद्ध केलेल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीतही ते होते. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारपणात त्यांना पैशाची ओढाताण सोसावी लागली. श्रेय मिळाले तरी मोबदला आपोआप मिळत नाही, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

प्रसिद्धी आणि हक्क यांतील पेच : शोध आधी छापला तर त्याचे नावीन्य संपते आणि पेटंट मिळण्याची शक्यता मावळते; छापलाच नाही तर शेजारच्या गावालाही त्याचा उपयोग होत नाही. पारंपरिक ज्ञानाला तर भारतीय कायद्यानुसार पेटंट मिळत नाही. म्हणून लिहून घेतानाच कोणती माहिती खुली करायची आणि कोणती राखून ठेवायची, हे मूळ माणसाला विचारले जाते. प्रतिष्ठानाने कल्पक लोकांच्या नावे शेकडो पेटंट अर्ज केले. स्वतःच्या गरजेसाठी शेतकऱ्याने वा कारागिराने दुसऱ्याची युक्ती उचलावी, पण कंपनीने मात्र परवाना घेऊन पैसे मोजावेत, अशी तडजोड गुप्तांनी सुचवली आहे.

मर्यादा व महत्त्व : नोंदवलेल्या कल्पनांपैकी बाजारपेठेपर्यंत पोहोचलेल्या थोड्याच आहेत. वनौषधींचे दावे प्रयोगशाळेत तपासण्यास वेळ आणि पैसा लागतो. चळवळीची ओळखही दीर्घकाळ एका व्यक्तीभोवती राहिली. असे असले तरी संशोधन लोकांपर्यंत नेणे म्हणजे प्राध्यापकाने वर्तमानपत्रात सोप्या भाषेत लेख लिहिणे, एवढ्यावर न थांबता हनी बी नेटवर्कने पुढची अट घातली : ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते परत मिळाले पाहिजे, त्यांना कळेल अशा भाषेत आणि त्यांच्या नावासह. गुप्तांनी या अनुभवाची मांडणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रासरूट्स इनोव्हेशन’ या ग्रंथात केली आहे. मुलाखती घेऊन आणि सर्वेक्षणे करून ज्ञान गोळा करणाऱ्या प्रत्येक सामाजिक शास्त्राला ही अट लागू पडते.