एकच शॉर्टवेव्ह रेडिओ संध्याकाळी एका आणि रात्री दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर का?

मार्च २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता, कीव्हमधल्या टीव्ही टॉवरवरही मारा झाला होता. त्याच आठवड्यात बीबीसीने युक्रेनसाठी शॉर्टवेव्हवरून इंग्रजी बातम्या सुरू केल्या. तिथल्या वेळेनुसार संध्याकाळी ४ ते ६ या वेळेत १५,७३५ किलोहर्ट्झवर आणि रात्री १० ते १२ या वेळेत ५,८७५ किलोहर्ट्झवर.

पण मग दोन फ्रिक्वेन्सी कशासाठी?

खेळ आकाशातल्या थराचा

शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनोस्फिअरवरून परततात आणि हजारो किलोमीटर लांब पोहोचतात. दिवसा सूर्यकिरणांमुळे हा थर दाट असतो. तेव्हा जास्त फ्रिक्वेन्सी चांगली चालते, कमी फ्रिक्वेन्सी वाटेतच शोषली जाते. रात्री थर विरळ होतो. मग जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी थेट अवकाशात निघून जातात आणि कमी फ्रिक्वेन्सी कामाला येते.

ट्रान्समीटरमध्ये काय बदलतं?

आपण रेडिओचं बटण फिरवलं की झालं. पण २५० किंवा ५०० किलोवॅटच्या ट्रान्समीटरचं तसं नसतं. त्याच्या शेवटच्या टप्प्यात मोठी व्हॅक्यूम ट्यूब असते. तिच्यासोबतच्या कॉइल आणि कपॅसिटर नव्या फ्रिक्वेन्सीशी जुळवावे लागतात. त्या बँडला चालणारा अँटेनाही जोडावा लागतो.

यात चूक झाली, तर अँटेनाकडे जाणारी वीज उलटी फिरते, ठिणग्या उडतात आणि महागडे भाग जळू शकतात. म्हणून आधी हाय व्होल्टेज बंद करतात, मग बदल करतात, कमी पॉवरवर तपासतात आणि शेवटी पॉवर वाढवतात. जुन्या यंत्रांवर ही जुळणी इंजिनिअर हाताने करायचे. आता आधी साठवलेल्या सेटिंगनुसार मोटारी हे काम काही मिनिटांत उरकतात.

भारतात असे ट्रान्समीटर होते का?

हो. आकाशवाणीने बंगळुरूला ५०० किलोवॅटचे, तर गोव्यात पणजीला २५० किलोवॅटचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारले होते.

ऋतूनुसारही आयनोस्फिअर बदलतो. त्यामुळे जगभरातली आंतरराष्ट्रीय स्टेशन्स मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नवं वेळापत्रक लावतात.

इंटरनेट आणि टॉवर बंद पडले, तरी दुसऱ्या देशातून आलेली बातमी साध्या बॅटरीच्या रेडिओवर ऐकता येते, हीच शॉर्टवेव्हची ताकद. पण बँड वेळेवर बदलला नाही, तर ट्रान्समीटर पूर्ण पॉवरवर चालूनही ऐकणाऱ्याला फक्त खरखर ऐकू येते.