हळू चालवण्याचा गुन्हा

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११२ आहे. कमाल मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गाडी हाकू नये, असं ते सांगतं, आणि त्याच दमात किमान मर्यादेपेक्षा कमी वेगानेही हाकू नये, असं बजावतं. यातला पहिला अर्धा भाग कॅमेऱ्यांनी आणि मोबाईलवर येऊन पडणाऱ्या ई-चलानांनी सगळ्यांच्या अंगवळणी पाडला आहे. दुसऱ्याची आठवण सहसा कुणाला होत नाही.

गंमत अशी की मोटारीच्या बाबतीत कायद्याला आधी हळू चालणंच हवं होतं. ब्रिटिश पार्लमेंटच्या १८६५ च्या लोकोमोटिव्ह कायद्यात वेगाची मर्यादा गावात ताशी २ मैल होती, गावाबाहेर ४. गाडीबरोबर किमान तीन माणसं हवीत, आणि त्यातल्या एकाने गाडीच्या निदान ६० यार्ड पुढे लाल निशाण धरून पायी चालायचं. त्याच्याकडे आणखीही एक काम होतं: समोरून घोडे आले की घोडेस्वाराला सावध करायचं, गरज पडली तर इंजिन थांबवायला लावायचं आणि घोड्यांना पुढे जायला मदत करायची. हा सगळा खटाटोप खरं तर रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या वाफेच्या अवजड इंजिनांसाठी. पुढे जन्मलेली हलकी मोटार त्याच जाळ्यात सापडली. १८९६ मध्ये तिची सुटका झाली आणि कायद्याने ताशी १४ मैलांपर्यंत मुभा दिली. त्या १४ नोव्हेंबरला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली. निघण्याआधीच्या न्याहारीला लॉर्ड विंचिल्सी यांनी एक लाल निशाण टराटरा फाडलं.

तरीही रस्ता अजून घोड्याचाच होता. मोटारीने आपलं घर बांधलं ते इटलीत. अभियंता पिएरो पुरिचेल्ली यांच्या कल्पनेतून मिलानहून सरोवरांकडे जाणारा, फक्त मोटारींसाठीचा टोलरस्ता १९२४ मध्ये खुला झाला. १९३२ मध्ये कोलोन ते बॉन हा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता झाला. त्याचं उद्घाटन करणारे कोलोनचे महापौर कॉनराड आडेनाउअर पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. बैलगाडी, सायकल, पादचारी यांना इथे मज्जाव. घोड्याला बुजवतं म्हणून ज्याला आवरलं जात होतं, त्याच यंत्राने आता घोड्याला रस्त्याबाहेर काढलं.

‘ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या द्रुतगती मार्गावर, ६० च्या खाली चालवलं की दंड’ असं आपल्याकडे तिथून फिरून आलेले लोक हमखास सांगतात. जर्मन नियम तसा नाही. ज्या वाहनाची बांधणीच ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाची आहे, त्यालाच त्या रस्त्यावर प्रवेश, एवढंच तो म्हणतो. ही अट यंत्राच्या ताकदीची आहे. माणसासाठी वेगळा नियम आहे: योग्य कारणाशिवाय इतकं हळू चालवू नका की मागच्यांचा खोळंबा होईल. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारातही जवळपास हीच भाषा आहे. जपानने मात्र द्रुतगती मार्गांवर थेट ५० चा किमान आकडा घातला, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आंतरराज्य महामार्गांवर ताशी ४० किंवा ४५ मैलांचा. मला कारण विचारणारा नियम जास्त शहाणा वाटतो. धुक्यात, धो धो पावसात आकडा निरुपयोगी ठरतो.

हळू चालवणं धोक्याचं, हे मग आकडेवारीने पटवून देण्यात आलं. अमेरिकी संशोधक डेव्हिड सॉलोमन यांनी ११ राज्यांतल्या सुमारे ६०० मैल ग्रामीण महामार्गांवरचे अपघात तपासले. १९६४ च्या त्यांच्या अहवालातला आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा होता: सरासरी वेगाच्या आसपास अपघातात सापडण्याची शक्यता सर्वांत कमी, खूप वेगवान आणि खूप हळू अशा दोन्ही टोकांना ती चढलेली. या आलेखाचा दाखला वर्षानुवर्षं दिला गेला. पण हळू चाललेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या वळण घेत होत्या किंवा थांबायच्या बेतात होत्या. पुढच्या अभ्यासात अशा गाड्या वगळल्या, तेव्हा डावीकडची चढण बरीच बसली. निवांत चालवणारे काका आलेखाने रंगवले तेवढे गुन्हेगार नव्हते.

आपल्या कलमात एक फट आहे. कमाल वेग केंद्र सरकार देशभरासाठी ठरवतं. किमान वेगाला असा सरसकट आकडा नाही. तो हवा असेल तर त्या त्या रस्त्यापुरती अधिसूचना काढायची आणि फलक लावायचा. म्हणून आपल्याकडे हळू वाहनांचा प्रश्न सुटतो तो प्रवेशबंदीने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना वाव नाही. त्यांनी जुना रस्ता धरायचा. जिथे दुसरा रस्ताच नाही तिथे काय, हे गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे रात्री गाडी चालवणाऱ्याला विचारावं. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टरवर दणदणीत गाणी, आणि मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. त्याला किमान वेगाचा फलक दाखवून उपयोग नाही. ओझंच असं आहे की तो जोरात जाऊ शकत नाही. त्याच्या मागे लाल दिवा लागला तर मात्र पुष्कळ फरक पडेल.

बोरघाटात वेगळंच दुखणं. अवजड वाहनांनी डावी लेन धरायची, हे चालकांना माहीत असतं. पण पुढचा ट्रेलर २२ ने चढतोय आणि आपला २५ ने चढतो, म्हटल्यावर हात शिवशिवतात. समजा दोघेही १८ मीटर लांबीचे आणि मागेपुढे १२-१२ मीटर अंतर. म्हणजे पुढे काढायला साठेक मीटर जास्त कापायचे, तेही ताशी ३ किलोमीटरच्या फरकाने. सव्वा मिनिटाला जरा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात अर्धा किलोमीटर घाट अडतो. मागे डिपरचा पाऊस पडत असतो. जर्मनीत हाम शहरातल्या वरिष्ठ न्यायालयासमोर २००८ मध्ये असंच एक प्रकरण आलं. न्यायालयाने ढोबळ माप घालून दिलं: ओव्हरटेक करायचं तर वेगात निदान १० किलोमीटरचा फरक हवा आणि सगळं ४५ सेकंदांत आटपायला हवं. नाहीतर ट्रकवाल्याने मुकाट्याने मागेच राहावं.