धुळीचा शत्रू, इंजिनाचा राखणदार

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण त्यांच्या वेगाचे आणि शक्तीचे गोडवे गातो. त्यांना जगविणाऱ्या लहानसहान अवयवांचे नाव मात्र क्वचितच घेतो. मोटारसायकलीतील हवेची गाळणी, म्हणजेच एअर फिल्टर, हा असाच एक उपेक्षित अवयव होय. आदिलाबादच्या मुलुखात तर तिची उपेक्षा फार महाग पडते.

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेला हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, धूळ मात्र तीच राहिली. सखल भागात कापसाची काळी जमीन, उतनूरच्या डोंगरांत मुरमाच्या वाटा! १९४३ मध्ये मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. त्या काळी डोंगरातील गुड्यांकडे जायचे ते पायी किंवा बैलगाडीने. आज शिक्षक, आरोग्यसेवक आणि शेतकरी त्या वाटा मोटारसायकलीने आक्रमितात. ती वाटेत बंद पडली, तर एखाद्या वर्गाला कुलूप राहते, एखाद्या आजाऱ्याचे औषध उशिरा पोहोचते.

इंजिन केवळ पेट्रोलवर चालते असे आपण समजतो. वस्तुतः एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. त्या हवेबरोबर वाळूचे सूक्ष्म कण आत शिरले, की तेलात मिसळून त्यांचे जणू पॉलिश कागदासारखे खरखरीत मलम होते आणि ते सिलिंडर, पिस्टन व त्याच्या कड्या अहोरात्र घासू लागते.

या शत्रूची ओळख प्रथम शेतातच पटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील फ्रँक डोनाल्डसन हा ट्रॅक्टर विकणारा गृहस्थ. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वारंवार बिघडतो, याचे कारण त्याने शोधले, तेव्हा इंजिन शेतातील धूळ गिळत असल्याचे त्याला आढळले. १९१५ मध्ये त्याने हवेची एक साधी गाळणी बनविली आणि त्यातूनच पुढे एक मोठा उद्योग उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटाने हाच धडा सैन्यांना पुन्हा शिकविला. ब्रिटिश सैन्याच्या बीएसए एम-२० जातीच्या मोटारसायकलींपैकी अनेकांना पेट्रोलच्या टाकीवरच मोठी गाळणी बसविण्यात आली. दिसावयास ती बेढब खरी. पण वाळवंटात सौंदर्यापेक्षा श्वास मोलाचा!

स्वातंत्र्यानंतर हे वाहन आपल्याकडे रुजले. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली; पुढे जावा आणि राजदूत आल्या. अलीकडे खास डोंगरवाटांसाठी २०१६ मध्ये हिमालयन, २०१९ मध्ये एक्सपल्स अशा गाड्या निघाल्या. गाळणीही बदलली: तेलाने भिजविलेल्या तारेच्या जाळीपासून घडीच्या कागदापर्यंत आणि खडतर वाटांच्या व शर्यतींच्या अनेक गाड्यांत फोमपर्यंत.

गाळणीचे रूप बदलले, तशी तिची निगाही बदलली. फोमची गाळणी रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी. पेट्रोल वापरू नये, कारण ते पेट घेते आणि फोमचे सांधेही उकलविते. ती पिळू नये, हलक्या हाताने दाबावी. सावलीत पूर्ण वाळवावी. मग गाळणीचे खास तेल सर्वत्र मुरवून जादा तेल दाबून काढावे. गाळणीची पेटी ओल्या फडक्याने पुसून कड नीट बसली आहे ना, हे पाहावे; केसाएवढ्या फटीतूनही धूळ वाट काढते. कागदाची गाळणी पाण्यात घालू नये. कोरडी असल्यास आतून बाहेर मंद हवा मारावी. कागदावर मुळातच तेलाचा लेप असेल, तर फुंकूही नये, मुदत भरताच नवी घालावी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मुदत साधारण रस्त्यांसाठी असते. फुफाट्याच्या वाटांवर आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, तंतू उडत असताना, गाळणी त्याआधीच पाहावी.

गाळणी तुंबली, तर इंजिन गुदमरते, काळा धूर सोडते आणि पेट्रोल अधिक पिते. हे निदान डोळ्यांना दिसते. फाटलेली गाळणी अधिक घातकी. कारण तिच्यामुळे गाडी काही काळ सुरळीत धावते आणि झीज आतल्या आत चालू राहते. निळसर धूर दिसू लागतो, तेव्हा पुष्कळदा सिलिंडर घासून मोठा करून घेण्यावाचून गत्यंतर नसते. गाळणी नकोच, इंजिन मोकळा श्वास घेईल, असे सांगणाऱ्यांचा सल्ला म्हणूनच टाकाऊ समजावा.

गाळणीची किंमत काही शेकड्यांत, इंजिनाच्या दुरुस्तीची हजारांत. ज्याचा रोजगार त्या दोन चाकांवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक घरातील महिन्याच्या धान्याएवढा असू शकतो. पेटीचे झाकण उघडून पाहण्यास पाव घटका पुरे. वाट डोंगराची असो वा शेताची, निघण्यापूर्वी तेवढा वेळ अवश्य काढावा.